जाण्याआधीचं कपाट

वडील गेले त्या दिवशी बोटवाले काका आमच्या खोलीत आले. त्याआधी ते कधी आले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते वाचनालयात आत बसेनासे झाले.

घडलं ते एवढंच. पण ज्यांनी काकांना पाहिलं नाही, त्यांना यातून काही समजायचं नाही. म्हणून हे लिहितो आहे, सावकाश, आठवेल तसं.

परळच्या भोईवाड्यात आमच्या चाळीसमोर दुसरी एक चाळ होती. तिच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, काकांचं वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एकच खोली. दोन बाकडी, एक टेबल, कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ, दारापुढे काळ्या दगडाची एक रुंद पायरी. भिंतीला लागून एक कपाट होतं आणि त्यावर काकांनी स्वतः पांढऱ्या रंगाने अक्षरं काढली होती : 'जाण्याआधी'. कपाटात देशांप्रमाणे कप्पे होते. मिसर, इराण, जपान, ब्रह्मदेश, सिलोन. कादंबऱ्या हव्या असतील तर काका सरळ सांगत, "त्या दादरला मिळतील. इथं फक्त जाणाऱ्यांची पुस्तकं."

जाणारे आमच्या भोईवाड्यात कितीसे असणार? पण काकांच्या मते प्रत्येक माणूस कधी ना कधी कुठेतरी जातोच, आणि न वाचता जाणं हा अपमान आहे. आपला नव्हे, त्या देशाचा.

ते मूळचे मालवणकडचे. एका आगबोट कंपनीत तिकिटांच्या खिडकीवर कारकून होते, म्हणून बोटवाले. स्वतः मात्र मालवण-मुंबई याखेरीज कुठल्याच बोटीत चढले नव्हते. खिडकीशी कुणी आला की पैसे घेण्याआधी ते विचारत, "मिसरला चाललात. काय वाचलंत?" लोकांना वाटे, कंपनीचाच काही नियम असेल. गोंधळून काहीबाही सांगत. एकदा एक शेठ भडकला.

"तिकीट द्या हो. परीक्षा कसली घेता?"

"शेठ, तुमच्या घरी कुणी चपला घालून देवघरात आला तर चालेल?"

"मी कुणाच्या देवघरात जात नाही. कापूस विकायला चाललोय."

"मग निदान कापसाचं तरी वाचा. कापूस त्यांचा तुमच्यापेक्षा बरा आहे."

शेठने वर तक्रार केली. साहेबाने काकांना खिडकीवरून उचललं आणि मालाच्या खात्यात टाकलं. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणत, "पेट्या बऱ्या. त्या वाचत नाहीत हे खरं, पण उतरल्यावर तिथल्या लोकांना हसत तरी नाहीत."

त्यांचा नियम तीन पुस्तकांचा होता. पहिलं, तिथे जाऊन फजिती झालेल्या माणसाचं. शहाण्या प्रवाशाचं पुस्तक ते घेतच नसत. दुसरं, तिथली मुलं शाळेत वाचतात ते, मग भाषा कळो वा न कळो. निदान चित्रं बघायची. तिसरं घराचं. पाहुण्याला कुठे बसवतात, पाणी कसं देतात, घरात कुणी गेलं तर शेजारी काय करतात, हे ज्यात असेल ते. तिसरं पुस्तक त्यांना सगळ्यात मोलाचं वाटे. "राजवाडे आयते दिसतात," ते म्हणत. "त्यांच्यासाठी डोळे पुरेत. बसायचं कुठं, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते वाचावंच लागतं."

राजवाड्यांवर त्यांचा असा राग, की प्रत्येक पुस्तकातलं प्रेक्षणीय स्थळांचं प्रकरण ते दाभणाने भोकं पाडून शिवून टाकत. पानं फाडणं त्यांना पाप वाटे. शिवणं चालत असे. त्यासाठी सूत माझे वडील आणून देत. वडील गिरणीत सूतखात्यात होते. हात पुसायला तिथे तुटक्या सुताचा गुंता देत, त्यातलेच लांब धागे निवडून ते पीळ घालत आणि संध्याकाळी काकांच्या टेबलावर ठेवत. काका दोरा ओढून बघत. "मजबूत आहे हो."

"राजवाडा बांधून ठेवायचाय न्हवं," वडील म्हणत आणि पायरीवर जाऊन बसत.

वडिलांना वाचता येत नव्हतं. पाळीवरून आले की तोंड धुऊन ते समोर वाचनालयाकडे जात. काका आधी पेपर मोठ्याने वाचत, मग एखाद्या देशाचं पान काढत. इंग्रजी पुस्तक डोळ्यांसमोर धरून ते सरळ मराठीत सांगत जात. आठ-दहा माणसं जमत. गिरणीतली, बंदरावरची. मी शाळेत जायला लागल्यापासून आत बाकड्यावर बसत असे. वडील पायरीवर, दाराच्या चौकटीला पाठ टेकून.

प्रत्येक देशाचं पान संपलं की ते एकच प्रश्न विचारत. "काका, तिथं झाडलोट कोण करतं?"

काका पानं चाळत. "ते दिलेलं नाही हो."

"पर करत असंल की कोणतरी."

"असेल. काय पण विचारता!" आणि बाकड्यावर हशा होई. वडीलही हसत.

काकांच्या वाचनाचा उपयोग झाला नाही असं मात्र नाही. चाळीतला एक खलाशी बसऱ्याच्या बोटीवर लागला होता. काकांनी त्याला अडवलं.

"मला खाली कोळसा ओढायचा हाय, काका. पुस्तक कशाला?"

"बसऱ्याला उतरशील ना रे मेल्या? कुणी कॉफी दिली तर? पुरे झाली हे कसं सांगशील?"

"पुरे म्हणंन."

"त्यांना तुझं पुरे कळणार? कप असा हलवायचा. नाहीतर ते ओतत राहणार नि तू पीत राहणार."

खलाशी परत आला तेव्हा बोटीवरून घरी जायच्या आधी वाचनालयात आला आणि दारातूनच रिकामा हात हलवून दाखवला. काका त्या दिवशी पेपर वाचायचं विसरले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. लालबाग-परळला रोज काहीतरी असे. सभा, मोर्चा, कधी अश्रुधूर, कधी त्याहून वाईट. एका संध्याकाळी गिरणीतली चार पोरं नव्या राज्याचा नकाशा घेऊन आली. कागदावर बेळगाव, कारवार लाल रंगाने आत घेतलेलं.

"काका, हा भिंतीला लावायचा."

"लावू. बेळगावचं काय वाचलंत?"

"बेळगावचं काय वाचायचं? ते आपलंच हाय."

"आपलं आहे म्हणून वाचायचं नाही? कारवारला पाहुण्याला आधी काय देतात, सांग."

पोरगा चिडला. "काका, आमच्यावर गोळ्या चालवत्यात आन् तुमी पाहुणचार विचारताय?"

काका त्यांच्याच बाजूचे होते. मोर्चात जात, काखेत पुस्तक घेऊन जात. पण नियम तो नियम. ते काहीतरी बोलणार तेवढ्यात पायरीवरून वडील म्हणाले, "गोळीबी इचारत न्हाय काका, काय वाचलंस म्हणून."

काकांनी खिळे काढून दिले. नकाशा लागला. जगाच्या नकाशाशेजारी, जरा तिरका.

पोलिसांची गाडी वळणावर आली की सगळ्यांत आधी वडिलांना दिसे. "गाडी आली," एवढं ते म्हणत आणि आतली माणसं दाराच्या फळ्या लावत. फळ्या लागल्या की वडील रस्ता ओलांडून आमच्या चाळीत शिरत. काका म्हणत, "तुमच्या बाबांना पायरीच आवडते. राखण होते आमची."

मला सिलोनला जायची संधी आली ती याच काळात. आम्ही महार. त्याच सुमारास आमच्या चाळीने दीक्षा घेतली आणि आम्ही बौद्ध झालो. देव्हारे उतरले. मी कॉलेजात पाली घेतली होती. सिलोनमधल्या एका विहारात राहून पुढे शिकायची सोय झाली. चाळीत याचं केवढं अप्रूप. वडिलांचं सगळ्यात जास्त. ते आईला सांगत, "आपल्या धम्माचा देश हाय. तिथं पोराला कोण कोणाचा म्हणून इचारणार न्हाय. कुटं बस, कुटं नगं बसू, कायबी न्हाय." त्यांचा खोकला तेव्हा वाढलेला होता. इस्पितळ जवळच होतं, पण सुट्टी घेऊन जाणं ते टाळत.

काकांनी सिलोनचा कप्पा उघडला. महिनाभर दुसरा देश नाही. विहारं, दिव्यांचे सण, पौर्णिमा. दारात पांढरी निशाणं लावली असली की त्या घरात कुणी गेलंय असं समजायचं. वडील एकेक शब्द ऐकत. आणि मग एका संध्याकाळी घराचं पुस्तक आलं. काका वाचता वाचता थांबले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ऐका मंडळी. डोंगराकडच्या गावांत, घरात पाहुणा आला तर त्याची जात बघून आसन देतात. बरोबरीच्याला खुर्ची. त्याच्या खालच्याला बुटकं स्टूल. त्याहून खालच्याला स्टूलही नाही, तो उभा किंवा जमिनीवर." त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "बुद्धाच्या देशात! लाज नाही वाटत? शेजाऱ्याला बुटक्या स्टुलावर बसवतात आणि फुलं घेऊन विहारात जातात!"

बाकड्यावरची माणसं हळहळली. काकांचा चेहरा लाल झाला होता. मी पायरीकडे पाहिलं. वडील रस्त्याकडे बघत होते.

"असं व्हय," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी झाडलोटीचं विचारलं नाही.

माझ्या जाण्याची तयारी चालू असतानाच ते गेले. छातीने. सकाळी पाळीला जायला उठले, भिंतीशी बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

चाळ जमली. कसं करायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. जुनं सोडलं होतं, नवं अजून अंगवळणी पडलं नव्हतं. एकाने पाण्यात तुळस टाकायला घेतली आणि स्वतःच थांबला. आई म्हणाली, "त्रिसरण म्हना. तेवडं येतं आपल्याला. तेवडंच करू." मग तेवढंच केलं.

तेव्हा काका आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात पांढरी फुलं. हे त्यांनी सिलोनच्या पुस्तकातून घेतलं होतं हे मला कळलं. चपला त्यांनी जिन्यातच काढल्या होत्या. फुलं वडिलांच्या पायांशी ठेवली, आणि मग खोलीच्या मधोमध ते तसेच उभे राहिले. कुणीतरी चटई सरकवली. ते बसेनात. आईकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी कुठं बसू? तुमच्यात कसं असतं?"

मला वाटतं, त्यांना यात आदर दाखवायचा होता. जन्मभर त्यांनी लोकांना हाच प्रश्न शिकवला होता.

आईने मान वर केली. रडून झालेलं होतं तिचं. ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात आलेल्या माणसाला आत बसवत्यात, काका."

काका चटईकडे वळले.

"ह्ये तुमच्याकडं रोज येत हुते. तुमी त्यांना कुटं बसवत हुता?"

"वहिनी, ते... त्यांना पायरी आवडायची. वारा लागायचा तिथं."

"वारा." आईने वडिलांकडे पाहिलं. "दिसभर कापूस छातीत घिऊन आल्याला माणूस. वारा त्याला लागतोच की. पर बाकड्यावर बसूनबी लागला असता. तुमी कधी आत या म्हनलात?"

खोलीत सगळे ऐकत होते. काका खोटं बोलणारे नव्हते. बाहेर बसा असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. आत या असंही कधी म्हटलं नव्हतं. वडील पहिल्या दिवशी पायरीवर बसले ते जुन्या सवयीने, आत पाण्याचा माठ होता म्हणून. आणि मग ती त्यांची जागा झाली.

"त्या बुटक्या स्टुलांचं वाचलंत न्हवं," आई म्हणाली, "त्या दिशी घरी येऊन मला सांगितलं त्यांनी. हसत हुते. म्हनले, काका लई चिडले हुते त्या लोकांवर."

यात टोमणा नव्हता. असता तर काकांना ते सोपं गेलं असतं. ते मागे सरत दारापर्यंत गेले आणि बाहेर, सज्जात, जिथे लोकांनी चपला काढल्या होत्या, तिथे खाली बसले. डोकं गुडघ्यांत.

आई उठली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच वडिलांपाशी बसल्या जागेवरून उठली. दारात गेली.

"तिथं नगं. आत या."

ते हलले नाहीत.

"काका, आत या," ती पुन्हा म्हणाली, आणि उंबऱ्याशी उभी राहिली. ते आत आले आणि वडिलांच्या शेजारी चटईवर बसले. वडिलांना नेईपर्यंत तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं. काका पेपर घेऊन पायरीवर बसले आणि तिथूनच वाचू लागले. आत बसलेल्यांना नीट ऐकू येईना.

"काय काका, बाकड्याला ढेकूण झाले काय?"

"इथून गाडी दिसते," काका म्हणाले.

पुढे त्यांना एक खोड लागली. पायरीजवळ कुणी जरा थांबला, भाजीवाली टोपली टेकायला, पोस्टमन पत्रं लावायला, की काका पेपर बाजूला करून म्हणत, "आत या. आत या हो." कामं सोडून लोक कशाला आत जातील? काहींना वाटे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. चाळीतली पोरं त्यांना 'आतया काका' म्हणून चिडवत. गल्लीतून ओरडत जात, "आत या, आत या!" काका तेवढ्याच गंभीरपणे पोरांनाही म्हणत, "या रे, या." माठ त्यांनी तिवईवरून काढून दारात, पायरीच्या उंचीला ठेवला. ज्याला पाहिजे त्याने बुडवून घ्यावं.

मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. नियमाप्रमाणे माझी दोन पुस्तकं झाली होती. तिसरं त्यांनी कपाटातून काढलं, तेच, स्टुलांचं. मधलं राजवाड्यांचं प्रकरण नेहमीसारखं शिवलेलं होतं. पुस्तक त्यांनी मला दिलं आणि म्हणाले, "हे ठेव. पण यावर विसंबू नकोस. मी तीन-तीन पुस्तकं वाचायला लावली लोकांना. समोरच्या चाळीचं एकही वाचलं नव्हतं."

"समोरच्या चाळीचं पुस्तकच कुठं आहे, काका?"

"नाही ना. मग विचारायला हवं होतं." मग म्हणाले, "तुझ्या वडिलांचा प्रश्न घेऊन जा. झाडलोट कोण करतं. मी तो हसण्यावारी नेला."

सिलोनला मी तो प्रश्न विचारला. डोंगराकडच्या एका गावात, एका सज्जन माणसाच्या घरी, ज्याने मला खुर्ची दिली होती, फळं दिली होती, माझ्या धम्माचं कौतुक केलं होतं. प्रश्न ऐकून त्याने हसून विषय बदलला. अंगणात एक म्हातारा खराटा टेकून उभा होता. भिंतीशी बुटकं स्टूल होतं. त्याला तेही कुणी दिलं नाही. वडिलांच्या कल्पनेतला देश तो नव्हता, हे मला तिथे कळलं. पण त्या देशातही कुणीतरी पायरीवर बसून सगळं ऐकत असणार, हेही कळलं. मी परत आल्यावर काकांना हे सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. म्हाताऱ्याने खराटा कुठल्या हातात धरला होता तेही विचारलं.

तोवर नवं राज्य झालं होतं. भिंतीवरच्या नकाशात बेळगाव, कारवार तसेच लाल होते. काकांनी तो उतरवला नाही आणि दुरुस्तही केला नाही.

पुढच्या थंडीत ते आजारी पडले. परळच्याच इस्पितळात होते. आई रोज दुपारी पेज घेऊन जाई आणि खाटेशी बसे. ती कधी त्या दिवसाबद्दल बोलली नाही, तेही नाहीत. एकदा मी गेलो तेव्हा ती त्यांना पेपर दाखवून विचारत होती, हे अक्षर कोणतं. ती साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली होती. काका उशीला टेकून सांगत होते.

ते गेले तेव्हा मालवणहून पुतण्या आला. सगळं त्यांच्या रीतीने झालं. आम्ही गेलो होतो. पुतण्याने आईला विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"शेजारी," आई म्हणाली. "त्यांचं आमच्या घरी बसनं हुतं."

आता आईही नाही. वाचनालयाच्या जागी प्रवासाच्या बॅगांचं दुकान आहे. 'जाण्याआधी'चं कपाट पुतण्याने विकलं; पुस्तकं कुठे गेली, ठाऊक नाही. पायरी तीच आहे. सिलोनचं पुस्तक माझ्याकडे आहे. त्याची मधली पानं अजून वडिलांच्या सुताने शिवलेली आहेत.